रुग्णास परस्पर हलविले

नागपूर, २२ डिसेंबर २०२२

अक्का,

जय जिनेंद्र. फोनच केला असता, पण तू पहिल्याच वाक्याला विचारशील, "काय म्हणाले रं?" आणि त्याचं उत्तर मला फोनवर देता येणार नाही. म्हणून आमदार निवासातल्या खोलीत बसून लिहितोय.

आपल्या दीपालीचा प्रश्न आज सभागृहात आला. तारांकित होता, म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं असतं. बरेच प्रश्न वेळेअभावी राहून जातात, हा राहिला नाही. ऑगस्टात तू ओसरीवर बसून जसं सांगितलंस तसंच मी मांडलं. जत तालुक्यातल्या करंजहट्टीच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपण झालं, मुलगी झाली, पण रक्त थांबेना. तिथं शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नाही, भूल देणारा नाही, रक्ताची पिशवी ठेवायची सोय नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनीच सांगितलं की थांबू नका, मिरजेला न्या. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. शेजाऱ्याच्या जीपमधून नेताना कवठे महांकाळच्या अलीकडे ती गेली. दीपालीचं नाव मी कुठं घेतलं नाही. 'एक तरुण माता' एवढंच म्हटलं. ती माझी भाची आहे हेही सांगितलं नाही. पण बोलण्यावरून काहींना कळलं असावं.

समोरच्या बाकांवरचेही ऐकत होते. बाहेर आल्यावर एका जुन्या सदस्यानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, लई दिवसांनी असं बोलणं ऐकलं." मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पदं रिक्त आहेत हे मंत्र्यांनी कबूल केलं. बाकीचं उत्तर तितकंसं समाधानकारक नाही. ही उत्तरं खालचे अधिकारी लिहून देतात, त्यांची एक ठरलेली भाषा असते. टीव्हीवर किंवा कुणाच्या मोबाइलवर काही दिसलं तर लगेच मनाला लावून घेऊ नकोस. अधिवेशन संपलं की मी येतोच. समोर बसून सगळं सांगेन.

बाळ कसं आहे? मान धरते का नीट? थंडी आहे, टोपडं काढू नकोस.

तुझा,
अजित


सांगली, ११ जानेवारी २०२३

अक्का,

परवा येऊन गेलो. मला बघून तू आत गेलीस आणि दार लोटून घेतलंस, तेव्हाच समजलो की उत्तर तुझ्यापर्यंत पोचलंय. मी कट्ट्यावर बसून राहिलो. शेजारच्या राहीबाईंनी चहा आणून दिला. तू आतून एवढंच म्हणालीस, "मी तुला बोलायला सांगितलं हुतं. माझ्या नावावर लिहून घ्यायला न्हाई."

नागपूरच्या पत्रात मी ते वाक्य मुद्दाम लिहिलं नव्हतं. वाटलं होतं, अधिवेशन संपायच्या आत दुरुस्त करून घेऊ आणि मग तुला सांगू. आता लपवण्यात अर्थ नाही. उत्तरात असं आहे: 'रुग्णाच्या आईने वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला न घेता, रुग्णवाहिकेची वाट न पाहता रुग्णास परस्पर खासगी वाहनाने हलविले. त्यामुळे उपचारास विलंब झाला. सबब, रुग्णालयाच्या हलगर्जीपणाचा प्रश्न उद्भवत नाही.'

मी तिथल्या तिथं उठून हरकत घेतली होती. पण अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. माझा माइक बंद झाला. नंतर जे बोललो ते कामकाजात कुठंच नोंदलेलं नाही, आणि ते वाक्य मात्र छापलं गेलंय.

अक्का, मी वकील आहे. कोर्टात समोरचा साक्षीदार खोटं बोलला तर त्याची उलटतपासणी घेता येते. इथं मंत्र्यांनी पटलावर ठेवलेलं उत्तर हेच खरं धरतात. मी प्रश्न विचारला नसता तर दीपाली गेल्याचं दुःख तेवढं राहिलं असतं. सरकारनं तुझ्याकडं बोट दाखवलं नसतं.

पाळणा दिसला नाही. राहीबाई म्हणाल्या, जावई सन्मती आणि त्याची आई येऊन बाळाला रहिमतपूरला घेऊन गेले, संक्रांतीनंतर आणतो म्हणाले. तुला वाटतं का ते आणतील? मी जाऊन बोलतो त्यांच्याशी. तोवर फोन बंद करून ठेवू नकोस, रात्री-अपरात्री तुला काही झालं तर कुणाला कळायचं नाही.

अजित


सांगली, १९ फेब्रुवारी २०२३

अक्का,

रहिमतपूरला जाऊन आलो. सन्मती दुकानातच होता. मला बघून उठला, पाया पडला, शटर अर्धं ओढून घरात घेऊन गेला. बाळ बरं आहे. गुटगुटीत झालंय. माझ्या मांडीवर बसलं, घड्याळाचा पट्टा तोंडात घालत होतं. डोळे दीपालीचे आहेत. तुला वाचून त्रास होईल, पण तुला हे कळायला हवं असं वाटलं.

विहीणबाई शांतपणेच बोलल्या. मी म्हटलं, "अक्कांनी डॉक्टरनं सांगितल्यावरच नेलं. ते उत्तर खोटं आहे." त्या म्हणाल्या, "आवं साहेब, आमी कुठं काय म्हणतोय? तुमीच इचारलं, तुमच्याच पुढं मंत्र्यानं सांगितलं. आमी न्हाई रचलं."

"मंत्र्याला अधिकाऱ्यानं लिहून दिलं. अधिकाऱ्याला स्वतःला वाचवायचं होतं."

"आसंल. पर आमची सून गेली. आता हे एवढंसं पोर पुन्हा त्या गावाला, त्या दवाखान्याजवळ ठेवायचं आन् पुन्हा कुणी घाई केली तर? न्हाई साहेब."

सन्मतीनं बाळाला माझ्या मांडीवरून उचलून आत नेलं. मला बसस्टँडपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मामा, मी तवा हितं दुकानात हुतो. खरं काय ते मला कळणार कसं? तुमी त्या मंत्र्याकडनं एकदा 'चुकलं' म्हणून वदवून घ्या. मी आईला समजावतो. मी स्वतः बाळाला घेऊन जाईन अक्कांकडं." पोरगा वाईट नाही. आईपुढं त्याचं चालत नाही.

म्हणून आता एकच मार्ग आहे. मंत्र्यांनी सभागृहाला चुकीची माहिती दिली म्हणून मी हक्कभंगाची सूचना देणार आहे. अध्यक्षांनी ती स्वीकारली तर चौकशी होते. त्यासाठी डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐकलेला माणूस हवा. करंजहट्टीला जाऊन शालूबाईंना भेटलो. त्याच त्या दिवशी नर्स होत्या. त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, "हितं काय न्हाई, पळा." शालूबाईंनीच सलाइनची बाटली धरून दीपालीला जीपमध्ये निजवलं होतं. "चौकशीत सांगाल का?" म्हणून विचारलं तर लगेच "व्हय" म्हणाल्या. मग आठ दिवसांनी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. बाई कंत्राटी आहेत, मार्चअखेर कंत्राट संपतं, पुढचं पत्र मिळायचंय. "साहेब, तिला नगा घेऊ ह्यात. दोन पोरं शाळंत हायत."

त्यांच्याशिवायच सूचना देतोय.

अजित


मुंबई, १६ मार्च २०२३

अक्का,

सूचना दिली. 'तपासून निर्णय देण्यात येईल' असं अध्यक्ष म्हणाले. म्हणजे कधी, ते कुणी विचारत नाही.

काल अर्थसंकल्पावर बोलायला वेळ मिळाला. राज्याची अर्थव्यवस्था केवढी मोठी होणार आहे यावर सकाळपासून भाषणं चालली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अध्यक्ष महोदय, माझ्या जिल्ह्याच्या पूर्वेला एका रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं पद मंजूर आहे. त्याच्या पगाराची तरतूद दरवर्षी होते. माणूस येत नाही, म्हणून ती तरतूद दरवर्षी परत जाते. वित्त विभाग त्याला बचत म्हणतो. मी त्याला बचत म्हणणार नाही. त्या पैशात माणसं वाचायची होती, ती वाचली नाहीत." नंतर एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्यांवर बोललो, जतच्या टँकरवर बोललो. पुढचं पान काढेपर्यंत घंटा वाजली. 'सन्माननीय सदस्यांनी आटोपते घ्यावे.' मी आटोपतं घेतलं.

मंत्री सभागृहात नव्हते. त्यांच्या वतीनं नोंद घ्यायला बसलेले राज्यमंत्री शेजाऱ्याशी बोलत होते. गॅलरीत कुठल्याशा शाळेची मुलं आली होती, तेवढीच टक लावून बघत होती.

आज सकाळपासून त्या भाषणाचा तुकडा सगळीकडं फिरतोय. सांगलीहून फोन येताहेत. इस्लामपूरच्या एका वकील मित्रानं ऐकून मला सांगितलं, "गड्या, रडवलंस." माझ्याच मतदारसंघातला एक सरपंच मात्र म्हणाला, "साहेब, जतच्या दवाखान्याचं लय झालं. आमच्या पुलाचं कवा बोलणार?" त्याचंही चूक नाही. पूल तीन पावसाळे तसाच पडलाय.

अक्का, मी चांगलं बोलतो हे मला ठाऊक आहे. लहानपणी दसऱ्याला देवळात मला उभं करून बोलायला लावायचीस आणि पुढं बसून ओठ हलवायचीस, मी विसरलो तर सांगता यावं म्हणून. काल बोलताना मध्येच मनात आलं, हे चांगलं बोलणं नक्की कुणाच्या उपयोगाला येतंय?

दोन ओळी तरी लिही. नुसतं 'पोचलं' एवढं लिहिलंस तरी चालेल.

अजित


मुंबई, २८ जुलै २०२३

अक्का,

आज मला तुझं उत्तर हवं आहे, खरंच हवं आहे. शेजारच्या कुणाकडून का होईना, निरोप पाठव.

दुपारी लॉबीत मंत्र्यांनी मला बाजूला घेतलं. चहा मागवला. माणूस उद्धट नाही. म्हणाले, "अजितराव, मला जे लिहून दिलं ते मी वाचलं. तुमची ती बहीण आहे हे मला मागाहून कळलं. वाईट वाटलं. पण आता मी उभं राहून चुकलं म्हणालो तर उद्या राज्यातल्या प्रत्येक दवाखान्यातून एक-एक माणूस तेच मागायला येईल. ते मला करता येणार नाही."

मी म्हटलं, "मग हक्कभंग होऊ द्या."

"तो टिकायचा नाही, तुम्हालाही माहीत आहे. नुसता रेंगाळेल. त्यापेक्षा काहीतरी पदरात पाडून घ्या. करंजहट्टीला स्वतंत्र प्रसूती कक्ष देतो. शस्त्रक्रियागृह, रक्तसाठा, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, सगळी पदं मंजूर करतो. याच अधिवेशनात निवेदन करतो. तुम्ही तेवढी सूचना मागे घ्या."

मी विचार करून सांगतो म्हणालो. गुरुवारपर्यंत मुदत दिलीय.

सूचना मागे घेतली तर ते वाक्य तसंच राहणार. रहिमतपूरचे लोक बाळाला सोडणार नाहीत. सन्मतीनं जे मागितलं होतं ते मी त्याला कधीच देऊ शकणार नाही. मागे घेतली नाही तर तो कक्ष होणार नाही, आणि दुसरी कुणी पोर त्याच रस्त्यावर जाईल. मी दुपारपासून दोन्ही बाजू मांडतोय, जसं कोर्टात मांडायचो. फक्त इथं निकालही मलाच द्यायचाय, आणि ज्याचं नुकसान होणार तो माणूस माझ्याशी बोलत नाही.

नको म्हणालीस तर मी नको म्हणेन. पुढं काय होईल ते होऊ दे. पण काहीतरी म्हण.

अजित


मुंबई, ३ ऑगस्ट २०२३

अक्का,

तुझा निरोप आला नाही. राहीबाईंच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, पत्र अक्कांच्या हातात दिलं, त्यांनी वाचलं, घडी करून ठेवलं, आणि शेळ्यांना पाणी पाजायला गेल्या.

आज मंत्र्यांनी निवेदन केलं. कक्ष जाहीर झाला. बाकं वाजली. मग अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी उभा राहिलो. जे बोललो ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो: "मंत्रिमहोदयांच्या निवेदनाने माझे समाधान झाले आहे. मी माझी सूचना मागे घेतो."

'समाधान झाले आहे' असंच म्हणावं लागतं. मी दुसरे शब्द शोधून ठेवले होते. 'नाइलाजाने' म्हणायचं ठरवलं होतं. पण उभा राहिल्यावर तोंडातून ठरलेलंच वाक्य बाहेर आलं.

अजित


सांगली, १५ जुलै २०२४

अक्का,

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. मध्ये लिहिण्यासारखं असतं तर लिहिलं असतं.

कक्षाचं उद्‌घाटन फेब्रुवारीत झालं. तू आली नाहीस, त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. नवा रंग, नवे दिवे, कोनशिलेवर बरीच नावं, त्यात माझंही. मी भाषण केलं नाही. आजारी आहे म्हणून सांगितलं. शस्त्रक्रियेचं टेबल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. शालूबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांना कंत्राट मिळालं होतं.

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून एका डॉक्टरबाईंची ऑर्डर निघाली. त्या आल्या, हजर झाल्या, आणि महिनाभरात प्रतिनियुक्तीवर पुण्याला गेल्या. पगार करंजहट्टीतून निघतो, काम पुण्यात. भूलतज्ज्ञ म्हणून ज्याची ऑर्डर निघाली तो आलाच नाही. मी त्याला स्वतः फोन केला. मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सर, तिथं राहायला क्वार्टर नाही, दुसरा डॉक्टर सोबतीला नाही. एकट्यानं भूल देऊन पेशंट गेला तर लोक मला मारतील. मी काय करू?"

या अधिवेशनात मी पुन्हा प्रश्न टाकला. या वेळी लेखी उत्तर मिळालं. 'सदर रुग्णालयात प्रसूती कक्ष कार्यान्वित नाही, हे खरे आहे काय?' उत्तर: 'खरे नाही. कक्षाचे उद्‌घाटन झालेले आहे.' 'पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय?' 'अंशतः खरे आहे. पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे.' 'असल्यास, विलंबाची कारणे काय?' 'प्रश्न उद्भवत नाही.'

मंत्री लॉबीत भेटले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मी शब्द पाळला, अजितराव. इमारत दिली, पदं दिली. माणसं कुठून आणू?" मला वाटतं ते खरंच बोलत होते. त्यामुळं जास्त वाईट वाटलं. फसवलं असतं तर रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

मे महिन्यात सन्मतीचं दुसरं लग्न झालं. तुला कळलंच असेल. मुलगी पलूसकडची आहे. बाळ तिला आई म्हणतं, असं कानावर आलं.

अजित


सांगली, ३० नोव्हेंबर २०२४

अक्का,

मला उमेदवारी मिळाली नाही हे तू ऐकलं असशील. पक्षाचे अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही छान बोलता, त्याबद्दल वाद नाही. पण मतदारसंघात नुसतं बोलून भागत नाही." माझ्या जागी ज्याला दिली तो पुलाच्या आश्वासनावर निवडून आला. पूल झाला तर चांगलंच आहे.

मुंबईची खोली रिकामी करायला गेलो होतो. ग्रंथालयातले एक अधिकारी ओळखीचे, त्यांना विचारलं की माझी भाषणं एकत्र मिळतील का. त्यांनी आनंदानं सगळं काढून दिलं. आरोग्यावर, एसटीवर, शाळांच्या पटसंख्येवर, दुष्काळावर, पाच अर्थसंकल्पांवर. चांगला जाडजूड गठ्ठा झाला. रेल्वेत वाचत आलो. कुठंकुठं खरंच चांगलं बोललोय. आणि मी जे मागितलं त्यातलं झालं काय म्हणून आठवत बसलो, तर इस्लामपूर फाट्याजवळचा एक बसथांबा आठवला. त्याचंही छप्पर उडालंय.

विधानसभा संपली की तिच्यापुढं प्रलंबित असलेलं सगळं आपोआप संपतं. त्याला व्यपगत होणं म्हणतात. माझे उरलेले प्रश्न व्यपगत झाले. छापलेली उत्तरं होत नाहीत.

मी आता पुन्हा कोर्टात जायला लागलोय. या पत्राचं उत्तर मागत नाही. तुझी तब्येत जप. गुडघ्याला तेल लावत जा.

अजित


करंजहट्टी, २६ जानेवारी २०२५

अजित,

अक्षर वाकडं हाय, लिहायची सवय गेली. तुझी समदी पत्रं पोचली. समदी वाचली.

तू त्या मंत्र्याचं इचारलंस तवा मी न्हाई म्हणणार हुते. दीपालीचं मरण माझ्या माथ्यावर ठेवून मला कुठला दवाखाना नगं हुता. पर दुसऱ्या कुणाच्या लेकीला दवाखाना मिळतोय, त्याला न्हाई म्हणायला जीभ उचलंना. व्हय म्हणायलाबी उचलंना. म्हणून गप ऱ्हायले. तू ते तुझ्या मनानं घेतलंस. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, मला ठावं न्हाई. म्हणून तुझ्यावर राग धरून बसता येत न्हाई, आन् सोडताबी येत न्हाई.

रहिमतपूरला एकदा गेले हुते, तुला सांगितलं न्हाई. दिवाळीच्या आधी. म्होरं निरोप धाडला न्हाई, नाहीतर नगं म्हणाले असते. ईहीणबाईंनी चहा दिला. सन्मतीची नवी बायको चांगली हाय, तिनं पोरीला माझ्याकडं धाडलं. पोरगी आली, बघून परत गेली. वळखणार कशी? मी नेलेलं झबलं तिला लहान झालं. मापच चुकलं माझं.

आता एक सांगायचं ऱ्हायलं. गेल्या महिन्यात राहीबाईच्या सुनंचे, राजेश्वरीचे, दिवस भरले. कळा सुरू झाल्या तशी राहीबाई म्हणाली, आपला नवा दवाखाना हाय की, तिथं नेऊया. मी म्हणलं, तिथं कुलूप हाय. ती म्हणाली, निदान इचारूया तरी. मी जीपम्होरं उभी ऱ्हायले. म्हणलं, इचारायचं न्हाई, थांबायचं न्हाई, रुग्णवाहिकेला फोन करायचा न्हाई, डॉक्टरला तोंड दाखवायचं न्हाई. सरळ मिरज. मी सोबत गेले. कवठे महांकाळ आलं तवा मी डोळे मिटून घेतले. मिरजेत तिचं पोट फाडावं लागलं. मुलगा झाला. दोघं नीट हायत.

तवापासनं आमच्या वाडीतलं कुणीबी करंजहट्टीच्या दवाखान्यात बाईला नेत न्हाई. कुणाचे दिवस भरत आले की माझ्याकडं येत्यात, अक्का, जीप सांगून ठिवू का म्हणून. मी व्हय म्हणती. ज्यांना जीप परवडत न्हाई त्यांना काय सांगावं ते मला कळत न्हाई. गेल्या आठवड्यात तशी एक आली हुती, मेंढक्याची. मी तिला चहा दिला. ती उठून गेली.

काल शालूबाई बाजारात भेटली. ती म्हणाली, वरनं माणसं आली हुती तपासायला. त्या नव्या दवाखान्यात वर्षात बाळंतपणं किती झाली म्हणून बघितली. झालीच न्हाईत. आता म्हणत्यात, हितं बायका येतच न्हाईत, तर डॉक्टरची पदं कशाला पाहिजेत, दुसरीकडं देऊया.

त्या मंत्र्यानं लिहिलं तवा ते खोटं हुतं. आता आमी समदीच परस्पर नेतो.

तू येणार असलास तर ये. जेवायला काय करू ते आदल्या दिवशी राहीबाईच्या पोराला कळीव.

अक्का